'टॉकिंग टर्म्सवर नाही' का 'बोलणं टाकलंय'? (वडील पेटलेत, मदत करा)

गावठी_गूळ:
मंडळी नमस्कार. विषय तसा भाषेचा आहे पण मुळात घरचा आहे म्हणून जरा लांबण लावतोय, कंटाळा आला तर शेवटचा प्रश्न तेवढा वाचा. बहिणीचं लग्न ठरलंय, पाहुणे सांगलीकडचे. परवा ते याद्या करायला आलेले. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, घर जुनं, मधनं भिंत घातलेली आणि भिंतीपलीकडं माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा आणि आमच्या दादांचं (म्हणजे वडिलांचं) बोलणं बंद हाय, १४ वर्षं झाली. कारण विचारू नका, सामायिक विहीर, त्यावरची मोटार आणि मोटारीची पाळी, एवढं सांगितलं की कोल्हापूरच्या माणसाला पुढचं कळतंय.

तर पाहुण्यांनी मानपानाची यादी करताना विचारलं, थोरले चुलते दिसत नाहीत? मी आपलं जरा सभ्य वाटावं म्हणून बोलून गेलो, "ॲक्च्युअली आम्ही त्यांच्याशी टॉकिंग टर्म्सवर नाही." पाहुण्यांनी समजूतदारपणे मान हलवली, पोहे आले, विषय मिटला. मी मनात म्हणलं, वा, काय झाकलं आपण.

पाहुण्यांची गाडी वेशीबाहेर गेली आणि दादा सुरू झाले. "टर्म कसली रं? त्यानं काय अटी घातल्यात व्हय? मी बोलणं टाकलंय त्याच्याशी. मी! आणि तू असं सांगितलंस की जसं काय लाईट गेलीया."

मला हसू आलं पण रात्री झोप लागंना. तर प्रश्न दोन. एक, हे इंग्रजी बरोबर तरी आहे का, टॉकिंग का स्पीकिंग? आणि दोन, दादांचं बरोबर आहे का?

पांढरा_रस्सा_डबल:
पहिल्या प्रश्नाचं म्हाईत न्हाई. दुसऱ्याचं उत्तर, दादा कधीच चुकत नसतात भावा. लाईट गेलीया!!! इषय हार्ड.

तिसरा_बाक:
ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते म्हणून आगाऊपणा करते. इंग्रजांच्या इंग्रजीत 'स्पीकिंग टर्म्स'. 'टॉकिंग टर्म्स' हे आपल्याकडचं, म्हणजे भारतातलं इंग्रजी, इथं सगळ्यांना कळतं, लंडनच्या माणसालाही कळेल फक्त त्याच्या कानाला जरा वेगळं लागेल. पेपरात लिहाल तर स्पीकिंग लिहा, घरात भांडाल तर काहीही म्हणा.

आणि दादांना सांगा, इथं 'टर्म्स' म्हणजे अटी नव्हेत. संबंध कुठल्या पायरीवर आहेत ते. 'गुड टर्म्सवर' म्हणजे सलोखा, 'फर्स्ट नेम टर्म्सवर' म्हणजे अरेतुरेची ओळख. त्यात 'स्पीकिंग टर्म्स' ही सगळ्यात खालची पायरी, नुसती बोलण्यापुरती ओळख. मुलांना हे सांगताना मी जिन्याचं चित्र काढते. 'स्पीकिंग टर्म्सवर नाही' म्हणजे त्या सगळ्यात खालच्या पायरीवरनंसुद्धा उतरून अंगणात उभं राहणं.

बाकी लाईटचं उदाहरण मी उद्या वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते.

गावठी_गूळ:
बिनधास्त वापरा मॅडम. दादांना जिना सांगितला. म्हणाले, "जिना बी त्याच्याच वाटणीला गेलाय."

पांढरा_रस्सा_डबल:
😂😂 मेलो

सासुरवाशीण_पुण्याची:
मी मूळची मंगळवार पेठेतली, आता पुण्यात, तरी स्पष्ट सांगतो (व्हय, बाईच आहे, कोल्हापूरची आहे म्हणून 'सांगतो', पुणेकरांनी शुद्धलेखन काढू नये). मला दादांचा मुद्दा शंभर टक्के पटला. आपल्याकडं अबोला 'धरतात'. धरणारा कुणीतरी असतो. हातात धरल्यासारखा धरलेला असतो आणि मग तोच सोडतो. लहानपणी आई-आप्पांचं वाजलं की आप्पा अबोला धरायचे आणि मी मधला पोस्टमन. "आईला सांग, भाजीत मीठ न्हाई." आई समोरच, दोन हातांवर, तवा टाकलेला. मी वळून आईला सांगायचो, "आई, भाजीत मीठ न्हाई." आई म्हणायची, "त्यांना सांग, मिठाचा डबा त्यांच्या डाव्या हाताला हाय." ह्यात कुणी धरलाय, का धरलाय, कुणाची पाळी आहे, सगळं सगळ्यांना माहीत. टॉकिंग टर्म्समध्ये हे काहीच कळत नाही, दोन माणसं आपोआप गप्प झाल्यासारखी वाटतात.

बांधाकडंनं_बघ:
एक मिनिट. मूळ धाग्यात भावानं स्वतः काय लिहिलंय? "बोलणं बंद हाय." त्यात तरी कर्ता कुठाय? बोलणं काय आपलं आपण बंद पडलं का, मोटार जळाल्यागत? म्हणजे मराठीत पण लाईट जातीच की. उगाच इंग्रजीच्या नावानं बोंब मारायला नको.

सासुरवाशीण_पुण्याची:
पकडलंस. पण 'बंद हाय' म्हणलं की आपल्याकडं पुढचा माणूस लगेच विचारतो, कुणी केलं बंद? टॉकिंग टर्म्सनंतर कुणी विचारत नाही. पोहे येतात.

तिसरा_बाक:
दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. आणि इंग्रजीच्या बाजूनं एक, तिथंही कर्ता असलेले प्रयोग भरपूर आहेत. एखाद्याला 'सायलेंट ट्रीटमेंट देणं' म्हटलं की देणारा आला, घेणारा आला. 'कोल्ड शोल्डर' पण द्यावाच लागतो. धागाकर्त्याच्या तोंडात बिनकर्त्याचाच बरोबर आला, कारण त्याला तोच हवा होता. भाषेचा दोष नाही.

कोल्ड शोल्डरवरनं आठवलं, नेटवर एक गोष्ट फिरते की नको असलेल्या पाहुण्याला खांद्याचं गार मटण वाढायचे आणि तिथनं हा शब्द आला. ही मागाहून जुळवलेली गोष्ट. छापील इंग्रजीत तो वॉल्टर स्कॉटच्या १८१६ च्या 'द ॲन्टिक्वेरी' कादंबरीत स्कॉटिश बोलीत भेटतो आणि तिथं मटणाचा काही संबंध नाही, खांदा फिरवून तुटक वागणं एवढंच.

पांढरा_रस्सा_डबल:
मॅडम तुमी म्हणताय म्हणून सोडून देतो, न्हाईतर गार मटणाची गोष्ट कोल्हापुरात पहिल्या झटक्यात खरी धरली असती. गार फरा आणि वर साय धरलेला तांबडा रस्सा पाहुण्यापुढं ठेवला तर तो काय बोलणार हाय पुन्हा? ह्यावरनं खून पडतील, अबोला लई लांबची गोष्ट.

पावसातली_पोरगी:
हॅलो लोक्स. मूळ कोल्हापूर, हल्ली आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरी. धागा वाचून राहवलं नाही कारण ह्याच विषयातला सगळ्यात मोठा शब्द आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. बॉयकॉट! ते एका माणसाचं आडनाव होतं. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, मेयो काउंटीत एका लॉर्डच्या जमिनीचा एजंट, म्हणजे आपल्या भाषेत खंड वसूल करणारा कारभारी. १८८० साली पीकपाणी वाईट, कुळं म्हणाली खंड कमी करा, ह्यानं उलट घरं खाली करायच्या नोटिसा बजावल्या. त्याच्या जरा आधी पार्नेल नावाच्या पुढाऱ्यानं एनिसच्या सभेत सांगितलं होतं की असल्या प्रकरणात मारहाण करू नका, फक्त त्या माणसाला एकटं पाडा, रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येसुद्धा. लोकांनी अक्षरशः तेच केलं. गडी कामावरनं निघून गेले, दुकानदार माल देईना, पत्रं पोचेनात. शेवटी पीक काढायला उत्तरेतनं ५० माणसं आणली आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई. पीक सगळं मिळून ५०० पौंडांचं आणि ते काढायचा खर्च सांगतात १०,००० पौंड. त्याच वर्षाअखेर बॉयकॉट देश सोडून गेला आणि नाव मागं राहिलं.

आता माझा मुद्दा. तिथं सगळा गाव एका माणसाशी बोलत नव्हता आणि त्याचा शब्द झाला. धाग्यातल्या आबांशी फक्त एक माणूस बोलत नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?

काळा_कोट:
लई वेगळ्या. वकिली करतोय म्हणून सांगतो, पहिल्या प्रकाराला, सगळ्या गावानं मिळून न बोलण्याला, आपल्याकडं 'वाळीत टाकणं' म्हणतात आणि महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायत, भावकीची बैठक, कुणीही ठरवून एखाद्या घराशी बोलायचं नाही, कार्याला जायचं नाही असा ठराव केला की बसतो त्यात. पण सख्खा भाऊ सख्ख्या भावाशी बोलत नाही ह्यावर जगात कुठं कलम नाही. माझ्याकडं वाटपाचा एक दावा आहे, दोघं भाऊ तारखेला एकाच एसटीनं येतात, एकाच बाकावर बसतात कारण गावाकडची एसटी भरलेली असते, आणि तिकीट दोघांचं वेगवेगळं. कंडक्टरला सुट्ट्याचा ताप.

इंग्रजीत वाळीत टाकण्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवणं' पण म्हणतात ना मॅडम? कुठंतरी वाचलेलं.

तिसरा_बाक:
हो, 'सेंड टू कॉव्हेंट्री'. त्याचं मूळ म्हणून इंग्लंडच्या यादवी युद्धातली एक हकिगत सांगतात, राजाच्या बाजूचे कैदी कॉव्हेंट्री गावात पाठवले होते आणि गाव राजाच्या विरुद्ध, त्यामुळं त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. पण आता ह्या फांदीवर जास्त चढायला नको, धागाकर्त्याचं लग्नघर आहे.

कान_उघाड:
मी समुपदेशनाचं काम करते. अबोल्याचं फार कौतुक चाललंय म्हणून थोडा खडा टाकते. नवराबायकोच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी संसार मोडायची चार लक्षणं सांगितली, त्यात टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि चौथं स्टोनवॉलिंग, म्हणजे समोरचा बोलतोय आणि आपण दगडी भिंत होऊन बसायचं. गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं असं की भिंत होणारा माणूस पुष्कळदा आतनं थंड नसतो, छाती धडधडत असते, पेलवत नाही म्हणून बंद होतो. म्हणून ते सांगतात, सांगून बाजूला व्हा, निदान २० मिनिटं, मग परत येऊन बोला. सगळा फरक त्या 'सांगून'मध्ये आहे. मिठाची गुळणी धरून बसणं वेगळं आणि "मला आत्ता नको, जेवून बोलू" म्हणणं वेगळं.

पांढरा_रस्सा_डबल:
२० मिनिटं?? ताई आमच्याकडं २० मिनिटांत माणूस फुगायलाच सुरुवात करतो.

बांधाकडंनं_बघ:
मराठीत ह्याच्यासाठी किती आहे बघा. मिठाची गुळणी, मूग गिळणं, अळीमिळी गुपचिळी, दातखीळ, तोंडाला कुलूप. पण हे सगळं गप्प बसण्याचं, भीतीनं नाहीतर लबाडीनं. रागानं न बोलण्याचं वेगळं, अबोला, रुसवा, कट्टी, बोलणं टाकणं, तोंड न बघणं. आणि छत्तीसचा आकडा! हे कुठल्या इंग्रजाला समजवून दाखवा. ३ आणि ६, पाठीला पाठ लावून बसलेत, ३६. उलटं केलं तर ६३, समोरासमोर गप्पा मारत बसलेत.

तिसरा_बाक:
हे मला आजवर सुचलं नव्हतं. फळ्यावर काढून बघितलं आत्ता. (स्टाफरूममध्ये फळा आहे, विचारू नका का.)

सासुरवाशीण_पुण्याची:
मला धागाकर्त्याला विचारायचंय, १४ वर्षांत एकदाबी न्हाई? २०१९ चा महापूर मधी आला की ओ. त्यावेळी काय केलंसा?

गावठी_गूळ:
हा प्रश्न कुणीतरी विचारणार हे माहीत होतं. सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्या गावात पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. त्या वर्षी पाणी ४३ कुठल्या कुठं मागं टाकून वर चढत होतं आणि राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. तिथले सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. आमची आजी तवा म्हणालेली, "धरणाचं दार आपसुक उघडतंय, माझ्या पोरांची तोंडं तेवढी उघडनात."

तर पहाटे चारला जनावरं सोडायची वेळ आली. आबांच्या गोठ्यात दोन म्हशी, त्यांना सोडून आबा खालच्या वाटेनं निघाले. खालच्या वाटेला ओढ्याचं पाणी आलेलं, दादा नुकतेच ते बघून आलेले. दादा वाटेत उभे, गुडघाभर पाण्यात, हातात बॅटरी. आबा समोरनं येतायत. दोघं थांबले. मला वाटलं, आता बोलतील. दादांनी बॅटरी म्हशीच्या तोंडावर मारली आणि म्हशीला म्हणाले, "खालनं जाऊ नगंस बाई, कमरंएवढं हाय. शाळंकडनं जा."

आबांनी म्हस फिरवली. शाळेकडनं गेले. पुढं चार दिवस सगळे एकाच शाळेत, एकाच व्हरांड्यात, एकाच कढईतली खिचडी खाऊन होतो. शब्द नाही.

पांढरा_रस्सा_डबल:
आता हसू पण येईना आणि काय लिहावं ते पण कळंना.

पावसातली_पोरगी:
म्हशीशी टॉकिंग टर्म्सवर होते म्हणजे. ❤️

काळा_कोट:
हे कोर्टात साक्ष म्हणून चाललं असतं.

कान_उघाड:
मी वरचा माझा खडा परत घेत नाही, पण बाजूला ठेवते. दादा त्या पहाटे भिंत नव्हते झाले. एक विचारू का, तुम्ही पाहुण्यांसमोर टॉकिंग टर्म्स म्हणालात तेव्हा लाज कसली वाटत होती, भांडणाची का कारणाची?

गावठी_गूळ:
खरं सांगू का ताई, कारणाची. मोटारीची पाळी हे कारण सांगलीच्या पाहुण्यांपुढं इंग्रजीत तरी बरं दिसतंय का बघत होतो. दादांना लाज नाही वाटत त्याची. त्यांच्या हिशेबानं त्यांची पाळी चुकवली गेली, पाच रात्री ऊस वाळला, म्हणून त्यांनी बोलणं टाकलं. ते त्यांनी केलेलं काम आहे. मी ते त्यांच्याकडनं काढून घेतलं असं त्यांना वाटलं असणार.

बांधाकडंनं_बघ:
हे बरोबर बोललास. आमच्याकडं म्हातारी माणसं अशीच. मी अमक्याच्या दारात १० वर्षं पाय ठेवला न्हाई असं छाती काढून सांगतात, मेडल मिळाल्यागत. मग पत्रिकेचं काय करणार? थोरल्या भावकीचं नाव प्रेषकात नसलं तर सांगलीकर विचारणारच, टॉकिंग टर्म्स म्हणा न्हाईतर काय पण म्हणा.

सासुरवाशीण_पुण्याची:
नाव घालायचंच! आपल्यात चांगल्या कामाला बोलावलं न्हाई तरी वाईटाला माणूस जातंयच, मग चांगल्यालाच का न्हाई? पत्रिका द्यायला आई-दादांना धाडू नकोस, तू आणि बहीण जावा. पोरीला कुणी उंबऱ्यावरनं परत पाठवत न्हाई.

(नऊ दिवसांनी)

गावठी_गूळ:
अपडेट देतो म्हणालो नव्हतो पण देतो. प्रेषकात आबांचं नाव घातलं, सगळ्यात वर, वयानं. दादांना छापायच्या आधी प्रूफ दाखवलं, त्यांनी चष्मा लावून वाचलं, काही बोलले नाहीत, त्यांचं न बोलणं म्हणजे होकार असतो का नकार हे घरात अजून कुणाला कळलेलं नाही, आम्ही होकार धरला. पहिली पत्रिका अंबाबाईला ठेवली, दुसरी जोतिबाला, तिसरी घेऊन मी आणि ताई भिंतीपलीकडं.

काकूनं पाट मांडला, कुंकू लावलं ताईला. आबा पत्रिका हातात धरून कितीतरी वेळ बघत होते. मला वाटलं डोळ्यात पाणी वगैरे येतंय. मग बोट ठेवून म्हणाले, "माझ्या नावाफुडचं 'श्री.' राहिलंय."

खरंच राहिलेलं. दादांच्या नावापुढं होतं, आबांच्या नव्हतं. मी चारदा प्रूफ बघितलेलं. मी काही बोलायच्या आत भिंतीपलीकडनं दादांचा आवाज. ते तिथं उभे राहून ऐकत होते ते आम्हाला माहीतच नव्हतं. "त्याला सांग, ती छापणाऱ्याची चूक हाय. माझी न्हवं."

मी सवयीनं आबांकडं वळून सांगायला तोंड उघडलं, तर आबा म्हणाले, "ऐकाय आलं मला."

बस एवढंच. चहा घेऊन परत आलो. दादा अंगणात शेंगा फोडत बसलेले, मान वर केली नाही.

पावसातली_पोरगी:
हे कुणाला म्हणाले पण? "ऐकाय आलं मला" हे तुला का भिंतीला?

गावठी_गूळ:
तेच तर कळंना.

तिसरा_बाक:
मी जिन्याचं चित्र पुन्हा काढून बघते.

पांढरा_रस्सा_डबल:
भावा बाकीचं ऱ्हाऊ दे, किती पत्रिका छापल्यात? पाचशेच्या आत असतील तर पुन्हा छापू नकोस. 'श्री.' चा रबरी शिक्का बनवून घे, बारक्यातला, पत्रिकेच्या शाईच्या रंगातच मारायचा. फक्त पहिला शिक्का आबांच्या पत्रिकेवर मार आणि जरा सरळ मार.